मोफत अ‍ॅनाकोंडा आणि इतर महागडे गैरसमज

‘एलिट डेंजरस’ या गेममध्ये कुणी नवा माणूस आला की जुने खेळाडू त्याला अगदी आपुलकीने एक गोष्ट सांगतात. अल्फा सेंटॉरीत हटन ऑर्बिटल नावाचं स्थानक आहे, तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याला अ‍ॅनाकोंडा फुकट मिळते. अ‍ॅनाकोंडा म्हणजे साधारण १४ कोटी ७० लाख क्रेडिट किमतीचं अवाढव्य यान. नवख्याच्या खात्यात तेव्हा जेमतेम काही हजार असतात. तो निघतो. अल्फा सेंटॉरीत पोहोचल्यावर त्याला कळतं की हे स्थानक मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं लांब आहे आणि सुपरक्रूझ या यानाच्या साध्या प्रवासवेगाने तिथे जायला दीड तासाच्या आसपास लागतो. बरं, इतकं करून मिळतं काय? ‘हटन मग’ नावाचा एक मग, तोही विकत. अ‍ॅनाकोंडा तिथे उतरूही शकत नाही, कारण त्या चिमुकल्या स्थानकात मोठ्या यानांसाठी पॅडच नाही!

ही थट्टा निरुपद्रवी आहे. एक संध्याकाळ वाया जाते आणि सांगायला किस्सा मिळतो. शोधमोहिमा आणि खाणकाम यांबद्दलचे बाकीचे गैरसमज मात्र खिशाला चाट लावतात. त्यातल्या बऱ्याच गैरसमजांच्या तळाशी एकच समजूत असते: सापडलं म्हणजे मिळालं. या गेमचा हिशेब तसा नाही. स्कॅन केलेल्या ग्रहांची माहिती असो की खणून काढलेलं प्लॅटिनम, स्थानकात जाऊन विकेपर्यंत त्याची किंमत शून्य. वाटेत यान फुटलं तर विम्यापोटी यानाच्या किमतीच्या ५ टक्के भरून यान परत मिळतं. न विकलेली माहिती आणि माल मात्र गेला तो गेलाच. म्हणून खात्यात तेवढे ५ टक्के नसताना स्थानक सोडायचं नाही, हा इथला पहिला धडा.

ज्यांना गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने तो १६ डिसेंबर २०१४ रोजी आणला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ साली बीबीसी मायक्रोवर केलेल्या ‘एलिट’चा हा वारस. यात आपली आकाशगंगा खऱ्या आकारमानाची आहे. सुमारे ४०० अब्ज तारे-ग्रहमाला, ज्यांना खेळाडू ‘सिस्टिम’ म्हणतात. खगोलशास्त्रज्ञांना माहीत असलेले तारे त्यांच्या जागी ठेवले आहेत, उरलेली आकाशगंगा गणिती नियमांनी रचलेली आहे.

गैरसमज: इतक्या वर्षांत सगळं शोधून झालं असेल.

हे वाटण्याचं कारण साधं आहे. माणसांची वस्ती जिथे दाट आहे त्या भागाला ‘बबल’ म्हणतात आणि नवखा तिथेच घुटमळतो. तिथला प्रत्येक दगड आधीच शोधलेला आहे. पण दहा वर्षांनंतरही आकाशगंगेचा एक टक्कासुद्धा पाहून झालेला नाही. केंद्रातल्या सॅजिटेरियस ए* या कृष्णविवराकडे किंवा कोलोनिया या दूरच्या वसाहतीकडे जाणारे रस्ते तुडवलेले आहेत, म्हणून त्या रस्त्यांवर निराशा होते. तिथून जरा वर, खाली किंवा आडवं वळलं की हजार-दोन हजार प्रकाशवर्षांतच कोऱ्या सिस्टिम लागू लागतात.

गैरसमज: प्रत्येक भाग ‘ए’ दर्जाचा घेतला की यान उत्तम.

दुकानात ए ते ई असे दर्जे दिसतात आणि आपण सरळ ए उचलतो. लढाऊ यानासाठी ते ठीक. शोधमोहिमेत मात्र वजन हा शत्रू आहे, कारण यान जितकं हलकं तितकी एकेक उडी लांब. सगळ्यात हलके भाग ‘डी’ दर्जाचे असतात. म्हणून लाइफ सपोर्ट, सेन्सर वगैरे डी घ्यायचे आणि पैसा ओतायचा तो उडी मारणाऱ्या फ्रेम शिफ्ट ड्राइव्हवर. तो मात्र ए हवा. फ्युएल स्कूपला वजनच नसतं, त्यामुळे बसेल तेवढा मोठा आणि परवडेल तेवढा चांगला घ्यावा. यानाचं म्हणाल तर हॉलरसारखं स्वस्त, कुरूप डबडंसुद्धा चांगल्या ड्राइव्हवर बरंच लांब जातं. पहिल्याच महिन्यात अ‍ॅनाकोंडाची स्वप्नं बघायची गरज नाही.

गैरसमज: तारा दिसला की इंधन मिळालं.

नवख्यांची सर्वांत जास्त फजिती इथे होते. फ्युएल स्कूप ताऱ्याजवळून जाताना हायड्रोजन ओढून घेतो हे खरं, पण तो के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या सात वर्गांच्या ताऱ्यांवरच चालतो. एल, टी, वाय वर्गांचे तपकिरी खुजे तारे, श्वेत खुजे तारे, न्यूट्रॉन तारे यांच्याकडून थेंबभरही मिळत नाही. आणि आकाशगंगेत असे पट्टे आहेत जिथे एकामागून एक तपकिरी खुजेच लागतात. नकाशात ताऱ्यांच्या वर्गानुसार गाळणी लावण्याची सोय आहे. हे सात वर्ग निवडून मार्ग आखला की अर्धं संकट टळतं. उरलेलं अर्धं सवयीने टळतं. टाकी निम्मी झाली की भरायची, तळ गाठेपर्यंत थांबायचं नाही. स्कूप करतानाही हाव नको. फार जवळ गेलात की उष्णता १०० टक्क्यांच्या वर जाते आणि यानाचे भाग भाजायला लागतात.

इंधन संपलंच तर? २०१५ पासून ‘फ्युएल रॅट्स’ हा खेळाडूंचा गट अडकलेल्यांना गाठून फुकट इंधन देतो. मागे सांगितलेल्या थट्टेमुळे यावरही कुणाचा विश्वास बसत नाही, पण हे शंभर टक्के खरं आहे. त्यांचा एकच आग्रह असतो: ऑक्सिजनचं उलटं घड्याळ सुरू झालेलं दिसलं तर त्याच क्षणी मुख्य मेनूत बाहेर पडा आणि मग मदत मागा. बोलण्यात गेलेला प्रत्येक सेकंद त्या घड्याळातूनच वजा होतो.

न्यूट्रॉन ताऱ्याबद्दलही अर्धवट माहिती फिरते. त्याच्या ध्रुवांतून निघणाऱ्या झोतात शिरलं की पुढची उडी चौपट लांब होते, हे बरोबर. पण दर वेळी ड्राइव्ह थोडा झिजतो, आणि झोतात यान गिरक्या खातं. दुरुस्तीचं मॉड्यूल सोबत नसेल तर नवख्याने या वाटेला जाऊ नये.

गैरसमज: सिस्टिममध्ये शिरून एकदा भोंगा वाजवला की शोध लागला.

डिस्कव्हरी स्कॅनरचा तो घुमणारा आवाज (खेळाडू त्याला ‘हॉन्क’ म्हणतात) फक्त इतकं सांगतो की इथे किती पिंड आहेत. खरी किंमत त्यापुढच्या दोन पायऱ्यांत आहे: स्पेक्ट्रम स्कॅनरने एकेक पिंड ओळखायचा आणि मग निवडक ग्रहांवर प्रोब सोडून त्यांचा नकाशा करायचा. निवडक हा शब्द महत्त्वाचा. बर्फाळ गोळ्यांचे हाती फार थोडे क्रेडिट पडतात. पृथ्वीसारखे ग्रह, जलग्रह, अमोनियाचे ग्रह आणि माणसाला राहण्याजोगे करता येतील असे धातुसंपन्न ग्रह, यांचा हिशेब लाखांत जातो. ठरलेल्या किंवा त्याहून कमी प्रोबमध्ये काम झालं तर वर बोनस. सगळ्या सिस्टिमचा प्रत्येक खडा मॅप करत बसणारे लोक महिनाभरात कंटाळून गेम सोडतात.

मे २०२१ मधल्या ‘ओडिसी’ विस्तारानंतर पायी उतरून जीवसृष्टीचे नमुने घेता येतात, आणि आज शोधमोहिमेतला मोठा पैसा तिथेच आहे. स्ट्रॅटम टेक्टोनिकास नावाच्या एका चपट्या, शेवाळासारख्या जीवाचे तीन नमुने पूर्ण केले तर १ कोटी ९० लाखांच्या वर क्रेडिट मिळतात; त्या ग्रहावरची ती पहिलीच नोंद असेल तर पाचपट. इथेही एक गफलत हमखास होते. तिन्ही नमुने एकाच ताटव्यातून घेता येत नाहीत. ते जनुकीयदृष्ट्या वेगळे हवेत, म्हणजे स्ट्रॅटमच्या बाबतीत किमान ५०० मीटर अंतरावरचे. उतरताना ग्रहाचं गुरुत्व बघायला विसरू नका. अखेनार ३ या ग्रहावर ते पृथ्वीच्या ६.७ पट आहे आणि तिथे आपटून फुटलेल्या यानांची गणतीच नाही.

गैरसमज: खाणकाम म्हणजे दिसेल त्या दगडावर लेसर मारायचा.

खाणकाम चालतं ते मुख्यतः ग्रहांच्या कड्यांमध्ये. शनीच्या कड्या डोळ्यांसमोर आणा. तिथे खडक एकमेकांना खेटून असतात. (सिनेमातल्यासारखे दाट लघुग्रह आपल्या सूर्यमालेच्या पट्ट्यात नाहीत. तिथे दोन खडकांमध्ये सहसा लाखो किलोमीटर असतात.) कडी चार प्रकारची: बर्फाळ, खडकाळ, धातुसंपन्न आणि धातूची. प्लॅटिनम आणि पेनाइट हवं तर धातूची कडी, लो टेम्परेचर डायमंड हवे तर बर्फाळ. पेनाइट ही गेमवाल्यांची कल्पना नाही, म्यानमारमध्ये सापडलेलं ते खरंखुरं, अत्यंत दुर्मीळ रत्न आहे. कडीवर प्रोब सोडले की हॉटस्पॉट दिसतात, आणि इथे नवखा फसतो. प्लॅटिनमच्या हॉटस्पॉटमध्ये प्रत्येक खडकात प्लॅटिनम नसतं, फक्त असण्याची शक्यता वाढते. व्हॉइड ओपलसारखी काही खनिजं तर खडकाच्या गाभ्यातच असतात. तिथे लेसरने तासभर घासलं तरी एक कण मिळत नाही. लहरी सोडणाऱ्या स्कॅनरने योग्य खडक शोधून, भेगांमध्ये सुरुंग पेरून तो फोडावा लागतो. बघायला अप्रतिम, पण माझं मत विचाराल तर सुरुवात लेसरनेच करावी.

लेसरचं काम जवळून असं दिसतं. यानातून प्रॉस्पेक्टर लिंपेट, म्हणजे खडक तपासणारं छोटं स्वयंचलित यंत्र सुटतं, खडकाला चिकटतं आणि डावीकडच्या चौकटीत टक्केवारी उमटते. प्लॅटिनम वीसेक टक्क्यांच्या खाली असेल तर मी पुढच्या खडकाकडे वळतो. चांगलं निघालं तर ५०० मीटरच्या आत जाऊन लेसर लावायचा. खवणीवरून खोबरं पडावं तसे तुकडे सुटायला लागतात. मालाचं दार उघडं ठेवायचं, तुकडे गोळा करणारी कलेक्टर लिंपेटं सोडायची आणि स्वस्थ बसायचं. नवखा नेमका इथे हात घालतो: तुकडा निवडतो आणि मग लिंपेट सोडतो. अशा लिंपेटाचं आयुष्य तेवढाच एक तुकडा आणण्यापुरतं असतं. काहीही न निवडता सोडलं तर तेच लिंपेट मुदत संपेपर्यंत फेऱ्या मारत राहतं. नको असलेल्या खनिजांवर आधीच ‘दुर्लक्ष करा’ची खूण करून ठेवावी, नाहीतर रिफायनरीचे कप्पे कचऱ्याने भरतात. आणि लिंपेटं निघण्याआधी स्थानकातून विकत घ्यावीत, ती प्रत्येकी एक टन जागा खातात. कडीपर्यंत पोहोचल्यावर ती घ्यायचीच राहिली हे लक्षात आलेल्यांची संख्या मोठी आहे.

जुन्या व्हिडिओंवर विसंबून राहू नका. डिसेंबर २०१८ मध्ये शोध आणि खाणकाम या दोन्हींची पद्धत मुळापासून बदलली. नंतर आधी व्हॉइड ओपलची आणि मग हिऱ्यांची लाट आली. बोरान सिस्टिममध्ये तीन हॉटस्पॉट एकावर एक आले होते तिथे २०२० मध्ये झुंबड उडाली, मग कंपनीने नियम आणि भाव बदलले आणि ते दिवस संपले. आज माल विकताना त्या स्थानकाची मागणी तपासावी. मागणी थोडी आणि तुमचा माल भरमसाट असेल तर प्रत्येक टनाचा दर घसरतो.

गैरसमज: चाच्यांसाठी तोफा हव्यात.

मालाची जागा रिकामी ठेवणं तोफांपेक्षा स्वस्त पडतं. कडीत उतरल्यावर संगणकाचे चाचे येतात, तुमचा माल तपासतात, लिंपेटांशिवाय काही नाही हे बघून चरफडत निघून जातात. त्यानंतर काम सुरू करायचं. मध्येच गेम बंद करून भरलेल्या यानानिशी तिथेच परत आलात तर नवे चाचे हजर. प्रवासात कुणी ओढून थांबवू लागलं तर झुंजण्यापेक्षा वेग शून्य करून शरण जावं. ड्राइव्ह लवकर तयार होतो आणि दुसऱ्या सिस्टिममध्ये उडी मारून निसटता येतं. दुसरे खेळाडू छळतील ही भीती असेल तर सोलो मोड आहे. आकाशगंगा तीच, भाव तेच, कमाई तेवढीच. सगळ्यांसोबतच्या ‘ओपन’ मोडमध्ये खेळलं नाही तर तो खरा खेळ नव्हे, हे ज्यांना शिकार हवी असते तेच सांगतात.

महिनाभराची माहिती घेऊन परतणारे अनुभवी खेळाडू बबलच्या कडेचं एखादं सामसूम स्थानक निवडतात. स्थानकाच्या हद्दीत ते सेकंदाला १०० मीटरच्या आत राहतात, कारण त्याहून वेगात कुणाला धडकलं तर दंड होतो आणि गोष्ट वाढली तर स्थानकाच्याच तोफा सुरू होतात. पॅडवर टेकल्यावर आधी युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स ही माहिती विकण्याची खिडकी, बाकी सगळं नंतर. ग्रहाच्या नकाशावर कायमचं छापलं जाणारं नावही त्या खिडकीवरच ठरतं. तुम्ही आधी पोहोचला असाल, पण तुमच्यामागून आलेल्याने माहिती आधी विकली, तर ग्रहावर नाव त्याचं लागतं.