वर्गणी पालकांची, निर्णय कोणाचा?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, तर निम्म्या सदस्य महिला असतात. लोकवर्गणीवरून खटके उडू नयेत, यासाठी:

● आधी काम ठरवा, मग वर्गणी काढा. पाण्याची टाकी की संगणक, हे इतिवृत्तात लिहून सह्या घ्या.
● निधी समितीच्या स्वतंत्र खात्यात ठेवा. प्रत्येक रकमेची पावती द्या, जमाखर्च फलकावर लावा.
● अध्यापनाचे निर्णय शिक्षकांचेच. देणगीच्या जोरावर ते बदलू नयेत.
● प्रवेशासाठी देणगी घेण्यास कायद्याने मनाई. दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत.
● वाद मिटत नसेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

वर्गणी देऊ न शकणाऱ्या पालकाचे मतही तितक्याच मोलाचे आहे.