भाड्याचे घर : आधी हिशेब, मग वीट

घर वेड्याने बांधावे आणि शहाण्याने त्यात राहावे, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणतात. तरीही हाती चार पैसे आले की आपल्या मनात पहिला विचार येतो तो घराचाच. राहते घर असेल तर दुसरे, भाड्याने देण्यासाठी. 'बसल्या जागी भाडे येईल, म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही' ही त्यामागची भावना असते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु घर भाड्याने देणे हाही एक धंदाच आहे, आणि कोणत्याही धंद्यात पहिली वीट रचण्यापूर्वी पहिला आकडा मांडावा लागतो. तो कसा मांडावा, कागद कोणते पाहावेत आणि कायदा काय सांगतो, हे सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न या लेखात करीत आहे.

या विषयाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते. आमचे गाव पाटण तालुक्यातले; म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी कराडला खोली घेऊन राहतो. म्हणजे मी भाडेकरू. उलट माझे वडील घरमालक होऊ पाहत आहेत. ते नवी मुंबईच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत आणि येत्या वर्षी पाठीवरचे ओझे कायमचे उतरवणार आहेत. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हाती येईल, तीच त्यांची आयुष्याची शिल्लक. त्यातून फ्लॅट घ्यावा, की कराडजवळ पूर्वी घेतलेल्या दोन गुंठ्यांवर खोल्या बांधाव्यात, असा प्रश्न घरात निघाला. आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकणारी घरातली पहिलीच म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत आपण वाचतो. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तो मांडला. जमिनीचा खंड ठरतो तो जमिनीजमिनीतल्या फरकामुळे, हे त्याचे सूत्र. शेतात हा फरक मुख्यतः कसाचा असतो. घरात तो जागेचा असतो. कराडला विद्यानगर-सैदापूर भागात महाविद्यालये एकवटली आहेत. तिथली साधी पत्र्याची खोलीसुद्धा रिकामी राहत नाही, आणि त्याच भाड्यात दूरवर स्लॅबचे घर मिळते. तेव्हा भाड्यासाठी घर घेणाऱ्याने फरशी आणि रंग पाहण्याआधी एवढेच विचारावे, की येथे कोण राहायला येईल आणि का येईल? कॉलेज, दवाखाना, कारखाना, एस. टी. स्टँड, यांपैकी काही चालण्याच्या अंतरावर आहे का? पाणी रोज येते का? आपल्याला घर आवडणे ही एक गोष्ट आणि त्याला भाडेकरू मिळणे ही दुसरी.

आता आकडे. हे आकडे मी केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे त्या जागी घालावेत. समजा, २५ लाखांचा लहान फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी २ लाख. एकूण गुंतवणूक २७ लाख. भाडे महिना ८,००० धरले तर वर्षाचे ९६,०००. सर्वसाधारण माणूस हिशेब येथेच थांबवतो, आणि फसतो तोही येथेच. कारण या ९६,००० मधून एक महिना घर रिकामे राहिले तर ८,००० जातात, सोसायटीचा देखभाल खर्च महिना १,००० म्हणजे १२,०००, घरपट्टी ४,०००, नळ, वायरिंग, रंग यांसाठी ८,०००, करारनामा आणि दलाली ४,०००. एकूण ३६,००० गेले, उरले ६०,०००. सत्तावीस लाखांवर हे उत्पन्न सव्वादोन टक्क्यांपेक्षाही थोडे कमीच पडते. बँकेतली मुदतठेव साडेसहा टक्क्यांची धरली तर तेवढ्याच रकमेवर पावणेदोन लाखांच्या वर व्याज येईल.

'कर्ज काढू, भाड्यातून हप्ता आपोआप फिटेल' हा युक्तिवादही नेहमी ऐकू येतो. तोही तपासून पाहू. वीस लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता जवळजवळ १८,००० येतो, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. घराचे निव्वळ उत्पन्न ६०,०००. वरचे १ लाख ५६ हजार, म्हणजे दरमहा १३,०००, मालकाने आपल्या खिशातून घालायचे. वीस वर्षांत बँकेकडे जाणारी रक्कम सुमारे ४३ लाख. नोकरीत असलेल्या तरुण माणसाला हे कदाचित झेपेल, कारण पुढे घराची किंमत वाढेल अशी आशा त्याला धरता येते. पण किंमत वाढणे ही आशा असते आणि हप्ता हे देणे असते. आशेच्या भरवशावर देणे अंगावर घेण्याचे वय निवृत्तीचे नव्हे.

आता दुसरा मार्ग : स्वतःच्या जागेत दोन खोल्या. समजा, संडास-न्हाणीसह ५०० चौरस फूट बांधकाम, दर १,८०० रुपये, म्हणजे ९ लाख. प्रत्येक खोलीत तीन विद्यार्थिनी, प्रत्येकीचे १,५००. दोन खोल्यांचे महिना ९,०००. विद्यार्थी उन्हाळ्यात घरी जातात, म्हणून दहाच महिने धरू : ९०,०००. घरपट्टी, पाणी, जिन्याचा दिवा आणि दुरुस्ती यांचे २०,००० वजा केले तर ७०,००० उरतात. नऊ लाखांवर हे पावणेआठ टक्के होतात. हे पाहून वडील खूश झाले. पण येथे एक आकडा लपलेला आहे. जमीन फुकट धरली आहे. ती विकली तर ६ लाख येतील असे धरले, तर खरी गुंतवणूक १५ लाखांची ठरते आणि उत्पन्न ४.६७ टक्क्यांवर येते. यालाच पुस्तकात संधी-खर्च म्हणतात. घरची वस्तू वापरली तरी तिची किंमत नाहीशी होत नाही.

मग कशासाठी बांधायचे? कारण ठेवीचे व्याज आज जेवढे तेवढेच राहते, उलट महागाईबरोबर भाडे वाढवता येते; आणि स्वतःची खोली वेळप्रसंगी स्वतःच्या उपयोगी पडते. फक्त सगळी पुंजी एकाच ठिकाणी अडकवू नये. घर चार भाग करून विकता येत नाही, पण दवाखान्याचे बिल मात्र एका दिवसात भरावे लागते. वडिलांना सगळा हिशेब वाचून दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी आधी एकच खोली बांधावी, बाकीची रक्कम बँकेत ठेवावी आणि दोन वर्षांचा अनुभव पाहून दुसरीचा विचार करावा, असे आमच्या घरी ठरले आहे. करासंबंधी एक गोष्ट येथेच सांगते. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष खर्च कितीही होवो.

जागा विकत घेताना किंवा बांधताना कागद पाहणे हे दुसरे काम. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावावर आहे, इतर हक्कांत बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे का, वारसांची नावे लागली आहेत का, जागा बिगरशेती आहे का, बांधकामाचा नकाशा मंजूर आहे का? तीस वर्षांच्या नोंदींचा शोध वकिलाकडून करून घ्यावा. त्याची फी ही या सर्व व्यवहारातली सर्वांत स्वस्त बाब आहे. नव्या इमारतीतला फ्लॅट असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली तिची नोंद आहे का, हे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

तिसरे काम करारनाम्याचे. त्यामागची भीती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. फाळणी आणि युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूला त्याने आधार दिला, हे विसरता येणार नाही. माझे वडील उमेदवारीच्या काळात ज्या चाळीतल्या गावकीच्या खोलीत पथारी टाकून राहिले, ती खोली बाजारभावाने गावकऱ्यांना कधीच परवडली नसती. परंतु भाडे गोठले तशी दुरुस्तीही गोठली, आणि उघड भाड्याऐवजी पागडी चालू लागली. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण दिले. तेव्हापासून 'एकदा घर दिले की गेले' ही धास्ती मालकांच्या मनात घर करून बसली. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्याला इतरही कारणे आहेत, पण ही धास्ती हे त्यांपैकी एक म्हणावे लागेल.

आज परिस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यानुसार लीव्ह अँड लायसन्स पद्धतीने राहायला दिलेले घर मुदत संपताच परत द्यावे लागते. न दिल्यास मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र हे संरक्षण हवे असेल तर करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' असे अनेक जण सांगतात. महाराष्ट्रात हे खरे नाही. मुदत कितीही असो, नोंदणी सक्तीची आहे आणि ती करवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रथम ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी आता घरबसल्या संगणकावरून, आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशावर होते, आणि तिचा खर्च एका महिन्याच्या भाड्यापेक्षा बहुधा कमीच येतो.

शेवटची गोष्ट भाडेकरूची. ती मी मालकांच्या पुस्तकातून नव्हे, अनुभवातून सांगते. मागच्या वर्षी एक खोली सोडताना आमची अनामत 'रंग खराब झाला' म्हणून अर्धी कापली गेली. आम्ही आलो तेव्हा रंग कसा होता, याची कोठेच नोंद नव्हती. म्हणून खोली देताना भिंती, नळ, पंखे, दिवे यांची यादी दोघांच्या सहीने करावी, मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि भाडे बँकेतून घ्यावे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या नमुन्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. कायद्याची सक्ती नसली तरी माणुसकीचे माप म्हणून ते वापरण्यास हरकत नाही.

आणखी एक. खोली दाखवण्याआधी आडनाव विचारणारे मालक आम्हांला भेटले आहेत. 'रिकामी आहे' अशी पाटी दारावर असताना आडनाव ऐकल्यावर ती खोली 'आत्ताच गेली' होते. हा अन्याय तर आहेच, पण हिशेबाच्या दृष्टीनेही तो शुद्ध तोटा आहे. रिकाम्या खोलीचा एक महिना म्हणजे दहा महिन्यांच्या उत्पन्नाचा दहावा भाग. भाडेकरूची ओळखपत्रे पाहावीत, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, जुन्या मालकाकडे चौकशी करावी. जातीची चौकशी केल्याने भाडे वेळेवर येते, असा सिद्धांत कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे, आणि घरातला कागद वाचणारा माणूस म्हणून तो आपल्यापुढेच ठेवला जाणार आहे. वडीलधाऱ्यांचा उत्साह मोडू नये, पण कोरा कागद पुढे घ्यावा. वर्षाचे बारा महिने न धरता दहा किंवा अकरा धरावेत. खर्च आधी लिहावा, उत्पन्न नंतर. आणि सही करण्यापूर्वी करारनाम्याची प्रत्येक ओळ घरच्यांना समजेल अशा मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी. ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांची शिल्लक सांभाळणे, हा आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग ठरावा.