बाळंतिणीचा पहिला तास

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. आतल्या खोलीतून बाळाचे रडणे ऐकू आले की बाहेर ताटकळत बसलेली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, मुलगा की मुलगी याची विचारपूस होते, कोणी साखर आणावयास धावते. परंतु ज्या क्षणी घरच्यांची काळजी मिटते, त्याच क्षणी जाणत्या सुइणीची खरी काळजी सुरू होते. वार अजून पडावयाची असते, गर्भाशय आवळून यावयाचे असते. आणि बाळंतिणीच्या जिवाला सर्वांत मोठा धोका याच तासा-दोन तासांत असतो.

या पहिल्या तासाची राखण खेड्यातील नर्सबाईने कशी करावी, याचा एक मोलाचा धडा आपल्या बेळगाव जिल्ह्यातून जगापुढे गेला आहे. घरोघरी त्याची चर्चा व्हावयास हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

रक्त का वाहते?

पूर्ण दिवसांच्या गर्भवतीच्या गर्भाशयातून दर मिनिटास सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त खेळत असते. वार सुटली की तिच्या जागी अनेक रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद करण्याची सोय निसर्गाने गर्भाशयाच्या स्नायूंतच केली आहे. स्नायू आकुंचन पावले की त्यांच्या जाळ्यातून जाणाऱ्या वाहिन्या आपोआप आवळल्या जातात. पोटावर हात ठेवला तर असे गर्भाशय नारळासारखे टणक लागते. ते मऊ राहिले, तर रक्त वाहतच राहते. वारेचा तुकडा आत राहणे, प्रसूतिमार्गाला जखम होणे किंवा रक्त गोठण्याची शक्ती कमी पडणे, ही रक्तस्रावाची आणखी कारणे होत.

पूर्वीच्या सुइणींना याची कल्पना नव्हती असे नाही. त्यांचे हात अनुभवी होते, साधनेच नव्हती. पुढे सुइणींना सरकारी शिक्षण दिले गेले, त्यात भर होता तो स्वच्छतेवर. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. या शिकवणीचा आणि लसीकरणाचा लाभ मोठा झाला. बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली भारतात जाहीर झाले. परंतु स्वच्छतेने वाहते रक्त थांबत नाही. त्यासाठी औषध हवे, आणि ते वेळेवर देण्याचे ज्ञान व अधिकार नर्सबाईच्या हाती हवेत.

बेळगावचा प्रयोग

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांच्या साहाय्याने जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात एक अभ्यास केला. १६२० स्त्रियांची बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात झाली. ती केली २५ सहायक परिचारिका-प्रसाविकांनी, म्हणजे आपल्या नेहमीच्या नर्सबाईंनी. बाळ जन्मताच निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉल या औषधाची ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडाने दिली गेली. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या.

२००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या स्त्रियांपैकी शेकडा १२ जणींना ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव झाला होता. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ६.४ वर आले. एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण शेकडा १.२ वरून ०.२ झाले. थंडी वाजणे व ताप येणे हा त्रास काहींना झाला, पण तो तात्पुरता होता. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आजही पहिल्या पसंतीचे आहे. मात्र ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारा हात शिकलेला असावा लागतो. जेथे ते शक्य नाही तेथे ही गोळी उपयोगी पडते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

अर्थात गोळी नुसती हाती देऊन भागत नाही. बाळ जन्मण्यापूर्वी ही मात्रा दिली गेली तर गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. म्हणून पोट चाचपून आत दुसरे बाळ नाही ना, याची खात्री आधी करावयाची, हे नर्सबाईच्या अंगवळणी पडावे लागते.

डोळ्यांचा अंदाज

याच कामात आणखी एक साधी वस्तू घडली. किती रक्त गेले, हे कसे कळावे? लुगडी, चिंध्या, सतरंजी, जमीन यांत ते जिरून जाते. “जरा जास्त गेलं,” एवढेच आपण म्हणतो. बेळगावच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणीच्या खाली पसरावयाचे, कमरेला बांधावयाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे एक कापड वापरात आणले. त्याचे टोक नसराळ्यासारखे निमुळते, आणि त्यावर मापाच्या रेघा. या कापडाने मोजलेल्या रक्ताशी तुलना केली तेव्हा डोळ्यांचा अंदाज सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरला. शिकलेल्या माणसांची ही स्थिती! ज्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवती पांडुरोगाने पोखरलेल्या आहेत, तेथे ही चूक जिवावर बेतते.

मोजण्याचे महत्त्व पुढे आणखी स्पष्ट झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत सुइणी व डॉक्टर यांना मापाचे कापड देऊन उपचारांचा एकच क्रम शिकविण्यात आला. गर्भाशय चोळणे, ते आवळणारे औषध, ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, शिरेतून सलाईन, मग तपासणी आणि गरज पडताच वरिष्ठांना हाक. हे सारे एकामागून एक वाट पाहत न करता एकदमच सुरू करावयाचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पूर्वी निम्मेच रक्तस्राव वेळेवर ओळखले जात होते, ते शेकडा ९३ ओळखले गेले. आणि गंभीर परिणाम शेकडा ६० नी घटले. औषधे जुनीच होती. नवे होते ते मोजणे आणि तत्परता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ साली सुचविले की ५०० मिलिलिटरची वाट पाहू नये. ३०० मिलिलिटर गेले आणि नाडी वा रक्तदाब बिघडला, तरी उपचार सुरू करावेत.

हाताला वळण

अशी तत्परता पुस्तक वाचून येत नाही. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात बाहुली-प्रतिकृतीवर रंगीत पाणी सोडून सराव करवितात. एकीने गर्भाशय चोळावयाचे, दुसरीने इंजेक्शन भरावयाचे, तिसरीने गाडी बोलवावयाची. लघवीची पिशवी रिकामी करण्यास विसरू नये, हेही त्यातच. झटके येणाऱ्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मगच पुढे पाठवावे, हाही असाच धडा. एकदा शिकून वर्षभर हात लागला नाही, तर तो विसरला जातो. म्हणून थोडा थोडा पण पुन:पुन्हा सराव हवा.

२००५ च्या सुमारास केंद्र सरकारने नर्सबाईंना ही औषधे वापरण्याची मुभा दिली आणि त्यासाठी काही आठवड्यांचे प्रशिक्षण आखले. २०१८ साली त्यापुढे जाऊन परिचारिकांसाठी १८ महिन्यांचा स्वतंत्र प्रसाविका अभ्यासक्रम योजला. २००१-०३ मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ झाला. हे यश थोडे नव्हे. पण उरलेल्या सत्त्याण्णव घरांतील आईविना पोरांचे काय?

घरच्यांचे कर्तव्य

रक्तस्राव होणाऱ्या अनेक स्त्रियांत आधी कोणतेही धोक्याचे लक्षण नसते. म्हणून “आमच्या सुनेचं सगळं सुरळीत आहे,” या विश्वासावर विसंबणे बरे नव्हे. सातवा महिना लागला की विचारावे: बाळंतपण कोण करणार? तिने प्रशिक्षण घेतले आहे काय? औषध हाताशी आहे काय? गाडी आणि रक्त देणारे ठरले आहेत काय? आणि नर्सबाई “आत्ता हलवा” म्हणाली, तर मुलाच्या वडिलांची वा कोणा वडीलधाऱ्यांची वाट पाहत बसू नये.

‘सुइणीपुढे पोट झाकत नाही,’ ही म्हण आपल्याकडे आहे. तिच्यापासून लपविण्यासारखे काही नसते, तसे तिचा शब्द डावलण्यासारखेही काही नसते. साखर वाटावी, जरूर वाटावी. पण बाळंतिणीच्या खोलीत तासभर तरी एक शहाणी नजर आणि एक हात तिच्या पोटावर असू द्यावा.