मिउरा कोणत्या वर्गात बसते?

वेगवान आणि महागडी आहे म्हणून प्रत्येक गाडी सुपरकार ठरत नाही. आधी पाहावं ते इंजिन कुठे बसवलंय. लॅम्बोर्गिनीने विक्रीला आणलेली पहिली गाडी, ३५० जीटी, पुढच्या इंजिनाची आणि लांबच्या प्रवासाची, म्हणजे ग्रँड टूरर. १९६६च्या जिनिव्हा मोटार प्रदर्शनातल्या लॅम्बोर्गिनीच्याच मिउराने ही मांडणी पार बदलली. ३.९ लिटरचं, १२ सिलिंडरचं इंजिन आसनांच्या मागे, तेही आडवं! गिअरबॉक्स इंजिनाच्याच ओतीव कवचात, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांत दोन्हींना तेल एकच. आसनं दोन, सामानाला मागे चिमुकली जागा. रस्त्यावरच्या सुपरकारचा साचा माझ्या मते इथेच पडला.

अशा गाडीची ओळख करून देताना नुसता कमाल वेग छापणं अपुरं आहे. अश्वशक्तीशेजारी वजन हवंच, आणि आकडे कोणत्या आवृत्तीचे तेही: पहिली पी४०० सुमारे ३५० अश्वशक्तीची, १९७१ची एसव्ही ३८५ची. रेखाटनाचं श्रेय बर्टोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीला आणि तांत्रिक रचनेचं जान पाओलो दल्लारा व पाओलो स्तान्झानी यांना नावानिशी द्यावं.