पिशवीचं ऑपरेशन ठरवण्याआधी हे वाचा



आज पिकाचं नाही, घरातल्या बाईच्या तब्येतीचं बोलू. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत वाचा.

२०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. काही जणींची अंडाशयंही सोबतच काढतात. खरा धोका तिथं आहे.

अंडाशयात इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं. ते फक्त पाळीपुरतं नसतं. आतड्याचं अस्तर म्हणजे शेततळ्याचा कागद समजा. कागदाचा जोड सुटला की पाणी पाझरतं. तसंच अस्तरातल्या पेशींचे जोड सैल झाले की जंतूंचे विषारी अंश रक्तात उतरतात, अंगात सूज राहते. हे जोड घट्ट ठेवायला इस्ट्रोजेन मदत करतं. अंडाशय काढलेल्या उंदरांत आतड्याचा पाझर वाढला आणि हाडंही झिजली. पाळी जाण्याच्या वयात बायकांमध्येही हा पाझर वाढलेला आढळलाय. तिशीत अंडाशय काढलं, तर हे सगळं पंधरा वर्षं आधीच सुरू होऊ शकतं.

*काय करायचं?*
✅ अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय? आधी तपासणी आणि औषधोपचार.
✅ ऑपरेशन सांगितलं तर सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्या.
✅ ऑपरेशन लागलंच तर विचारा: "डॉक्टर, अंडाशय ठेवता येईल का?"
✅ अंडाशय आधीच काढलंय? हाडांची तपासणी आणि हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. मनानं गोळ्या घेऊ नका.

मी शेतीतला, डॉक्टर नाही. पण मेसेज घरात वाचून दाखवा, मुकादमालाही पाठवा.

– तुमचा कृषी सल्लागार