टेस्ला कॉइलची वीज बोटभरच पडतेय? आधी ट्यूनिंग बघा

टेस्ला कॉइलचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. अंधाऱ्या खोलीत एक उभा खांब, वर चकचकीत कडं आणि त्यातून निघणाऱ्या जांभळ्या विजा. ते बघूनच मी मामांच्या मागे लागलो. कोल्हापुरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणजे तांब्याची वायर आणि ती गुंडाळायचं मशीन घरचंच. तीन महिने खपलो आणि पहिल्यांदा चालू केली तेव्हा वीज पडली जेमतेम बोटभर! स्पार्क गॅपचा कडकडाट मात्र कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. आमच्या कॉइलला जुन्या निऑन बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर आहे, ९००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर. घरातल्या २३० व्होल्टचा झटका बसून माणूस वाचतो कधी कधी, इथे दुसरी संधी मिळेलच असं नाही. हाय व्होल्टेजवर काम केलेलं कुणी जाणतं माणूस सोबत नसेल तर हा लेख फक्त वाचा, बनवायला बसू नका.

आता मुद्द्यावर येऊ. निकोला टेस्लाने १८९१ मध्ये ही कॉइल मांडली. तिच्यात दोन सर्किट असतात. खालचं प्रायमरी: कपॅसिटर, स्पार्क गॅप आणि जाड तांब्याच्या नळीचे थोडेसे वेढे. वरचं सेकंडरी: बारीक वायरचे शेकडो वेढे आणि डोक्यावर धातूचं कडं. नागपंचमीचा झोका आठवा. झोका परत येतो नेमका त्याच वेळी धक्का दिला तर तो वर वर जातो, चुकीच्या वेळी दिला तर जोर कितीही लावा, झोका अडखळतो. प्रायमरी धक्का देते, सेकंडरी झोका घेते. दोघांची फ्रीक्वेन्सी जुळवणं म्हणजेच ट्यूनिंग. तुमचा फोन वायरलेस चार्जरवर ठेवता तेव्हाही दोन कॉइलमध्ये असाच खेळ चालतो, साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झला.

आमच्या सेकंडरीला ११ सेंटिमीटर जाडीच्या पीव्हीसी पाइपवर ०.४ मिलिमीटर वायरचे १००० वेढे आहेत. हिशेबाने इंडक्टन्स आला २४ मिलिहेन्री. वेढ्यांची स्वतःची आणि वरच्या कड्याची मिळून कपॅसिटी धरली २० पिकोफॅरड, म्हणजे फ्रीक्वेन्सी साधारण २३० किलोहर्ट्झ. खाली ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्टचे दहा कपॅसिटर एकामागोमाग जोडलेत, एकूण १५ नॅनोफॅरड. त्यावरून प्रायमरीला ३२ मायक्रोहेन्री हवेत, आणि आमच्या चपट्या चकलीसारख्या प्रायमरीत ते साडेनऊ वेढ्यांना मिळतात.

म्हणून टॅप लावला साडेनवावर. तरी वीज बोटभरच! आता कुणालाही वाटतं तेच मला वाटलं, व्होल्टेज कमी पडतंय. मामा जेवायला गेले होते तेवढ्यात मी स्पार्क गॅप रुंद केला, म्हणजे फुटायच्या आधी कपॅसिटर जास्त भरेल. ते परत आल्यावर चालू केली. दोन-तीन वेळा मस्त कडाडली, मग फट्ट! दोन कपॅसिटर गेले. एक शॉर्ट झाला की त्याच्या वाटचं व्होल्टेज बाकीच्यांवर येतं, त्यामुळे उरलेलेही जाणार होते. मामांनी मेन स्विच पाडला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

नवे कपॅसिटर लावल्यावर गॅप नीट लावला. त्याची पद्धत साधी आहे: कपॅसिटर काढून फक्त ट्रान्सफॉर्मर गॅपला जोडायचा, गॅप जेमतेम फुटेल इतपत रुंद करायचा आणि मग किंचित कमी करायचा. तिथून पुढे त्याला हात लावायचा नाही. आम्ही एका रुंद फटीऐवजी तांब्याच्या नळ्यांमधल्या पाच बारीक फटी ठेवल्या आणि त्यावर पंखा सोडला. ठिणगी लवकर विझली की सेकंडरीत गेलेली एनर्जी परत खाली येत नाही.

मग टॅप. इथेच खरी गंमत होती. २३० किलोहर्ट्झ हा आकडा शांत कॉइलचा. विजा बाहेर पडायला लागल्या की त्यांच्या फांद्या हवेत पसरतात आणि त्या स्वतःच कपॅसिटीत भर घालतात. सेकंडरीची फ्रीक्वेन्सी खाली घसरते. प्रायमरी मात्र जुन्याच तालावर धक्के देत राहते. म्हणून टॅप बाहेरच्या बाजूला सरकवायचा, वेढे वाढवून प्रायमरीलाही खाली आणायचं. आम्ही कड्यावर एक टाचणी लावली, म्हणजे वीज दर वेळी तिथूनच निघेल, आणि समोर अर्थ केलेला रॉड ठेवून अंतर मोजलं. एका वेळी पाव वेढा. साडेनऊला १२ सेंटिमीटर, पावणेदहाला १९, दहाला ३३, सव्वादहाला ४५! साडेदहाला पुन्हा ३६.

प्रत्येक पाव वेढ्याला एकच नियम: सप्लायची वायर काढायची, तिचा प्लग मामांच्या खिशात, मग लांब काठीने कपॅसिटर शॉर्ट करायचा, मगच टॅपला हात. प्रत्येक कपॅसिटरला १० मेगाओहमचा रेझिस्टर आहे, तरीही.

दोन छोट्या गोष्टी. सेकंडरीच्या अंगावरूनच ठिणग्या धावत असतील तर ती प्रायमरीच्या फार जवळ आहे, दोन-तीन सेंटिमीटर वर उचला. आणि अर्थिंग घराच्या वायरिंगला देऊ नका, जमिनीत वेगळा रॉड ठोका, नाहीतर राउटर आणि टीव्हीचा बळी जातो.

शूटिंग करताना फोन निदान तीन मीटर लांब, स्टँडवर. माझ्या फोनची स्क्रीन जवळ नेल्यावर आपोआप ॲप उघडायला लागली होती. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मात्र वीज आधीच्याच तापलेल्या वाटेने पुढे पुढे कशी जाते ते झकास दिसतं.

काही व्हिडिओत लोक त्या विजेला हात लावतात आणि सांगतात की करंट कातडीवरूनच वाहतो. तसं नाहीये. इतक्या फ्रीक्वेन्सीला आपल्या नसा प्रतिसाद देत नाहीत म्हणून झटका जाणवत नाही, पण आत भाजू शकतं. शिवाय सेकंडरीवरची वीज खाली प्रायमरीवर पडली तर ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा करंट त्याच वाटेने तुमच्यापर्यंत येतो, आणि तो जाणवायलाही वेळ मिळत नाही.

आमचा टॅप आता सव्वादहावर सोल्डर केलाय. मामा म्हणतात कडं मोठं करूया. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून.