ओव्हरक्लॉकिंग : वेगाचा हिशेब आणि विजेचा

वीज गेली की यूपीएसने संगणकाला दहा मिनिटे तरी तगवावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पण ‘ओव्हरक्लॉक’ केलेला संगणक पुष्कळदा नेमक्या त्याच क्षणी बंद पडतो आणि दोष जातो बिचाऱ्या बॅटरीला. खरी चूक बहुधा बेरजेत असते.

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलच्या ‘सेलेरॉन ३००ए’ या स्वस्त चिपने हा छंद घरोघरी नेला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेला, की ३०० मेगाहर्ट्‌झची ही चिप ४५० वर धावे. वरकरणी फुकटात मिळालेल्या या वेगाची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते.

ती किती, हे ढोबळमानाने काढता येते. चिपमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवल्यावर यंत्र अडखळू लागले की व्होल्टेज चढवावे लागते आणि हिशेब बिघडतो तो येथेच. २०११ च्या ‘कोअर आय५-२५००के’चे उदाहरण घेऊ. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, औष्णिक मर्यादा ९५ वॅट. तो ४.५ गिगाहर्ट्‌झवर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले असे धरू. वेगामुळे वाढ १.३६ पट, व्होल्टेजमुळे १.२७ पट. दोहोंचा गुणाकार सुमारे १.७३, म्हणजे ९५ चे १६४ वॅट. ३६ टक्के वेगासाठी ७३ टक्के अधिक वीज! शिवाय चिप तापली की तिच्यातून होणारी विजेची गळतीही वाढते. म्हणून हा आकडा किमान समजावा. ‘९५ वॅट’ हे काही प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, ती पंखा आणि उष्णताशोषक निवडण्यासाठी दिलेली मर्यादा असते, हेही विसरू नये.

आता बेरीज. मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेणारे ग्राफिक्स कार्ड ७५ वॅटच्या आत राहते. मेमरी, डिस्क, पंखे यांचे ५० धरले, तर ओव्हरक्लॉकपूर्वी एकूण २२० आणि नंतर २८९ वॅट. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के मानली, तर भिंतीतील प्लगमधून अनुक्रमे २५९ आणि ३४० वॅट ओढले जातात. ३० वॅटचा मॉनिटर मिळवला की २८९ आणि ३७०. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. काल जो यूपीएस संगणक आरामात सांभाळत होता, तो आज पूर्ण भारावर माना टाकतो, तो यामुळे. खोक्यावरचा ‘व्हीए’ म्हणजे वॅट नव्हे, एवढे जरी ग्राहकाने लक्षात ठेवले तरी लॅमिंग्टन रोडवरच्या अर्ध्या तक्रारी मिटाव्यात.

कागदावरचा अंदाज पडताळण्यासाठी वेगळे उपकरण घ्यायला हवेच असे नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे. फ्रिजसह बाकी सर्व उपकरणे बंद करून संगणकावर भरपूर भार द्यावा आणि दहा लुकलुकी घडाळ्यावर मोजाव्यात. ११,२५० ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. ३९ सेकंद लागले तर २८८ वॅट. तीसच लागले तर ३७५. मीटरवरील आकडा निराळा असेल, तर ३ कोटी ६० लाखांना त्या आकड्याने भागून येणारी संख्या ११,२५० च्या जागी घ्यावी.

गोराईच्या रहिवाशाला याचा फटका दुहेरी बसतो. जागतिक बँकेच्या साह्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून म्हाडाने गोराई आणि चारकोप येथे वसाहती उभ्या केल्या. तेथील घरे लहान. संगणकाने घेतलेली वाढीव ८१ वॅट वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. एसी असला तर ती बाहेर फेकायला त्याला आणखी सुमारे २५ ते ३० वॅट लागतात. नसला तर मे महिन्यातील दमट दुपारी पंखा गरम हवाच फिरवतो आणि चिप अधिकच तापते.

बिलाचे काय? रोज सहा तास पूर्ण भार धरला तर ८१ वॅटचे महिन्याला साडेचौदा युनिट होतात. आकडा किरकोळ वाटेल. पण घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातात. उपनगरात बीएसईएस, मग रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी असे पुरवठादार बदलले, तरी टप्पे राहिलेच. महिन्याला २९० युनिट वापरणाऱ्या घरात ही भर वापर ३०० च्या पुढे नेते आणि त्यावरचे युनिट महागड्या दराने आकारले जातात. केवळ टंकलेखन किंवा ईमेल यांसाठी संगणक वापरणाऱ्याला मात्र फरक फारसा जाणवणार नाही, कारण रिकामा बसलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. अर्थात ही सोय सेटिंगमध्ये बंद केलेली नसेल तर.

अलीकडच्या चिपांत कारखान्यानेच बरेचसे ओव्हरक्लॉकिंग उरकलेले असते. ‘कोअर आय९-१३९००के’ची मूळ मर्यादा १२५ वॅट, तर टर्बोत ती २५३ पर्यंत जाते. या पिढीतील आणि पुढच्या पिढीतील काही प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होतात, हे २०२४ मध्ये खुद्द इंटेलने मान्य केले आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा यंत्रासाठी पॉवर सप्लाय आणि यूपीएस निवडताना बेरजेत १२५ नव्हे, २५३ मांडावेत.